फ्रीजमधले अकरा आठवडे

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाकडे पाठ असलेल्या एका इमारतीत आमचं घर आहे, तिसऱ्या मजल्यावर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मागच्या खिडकीतून असा गारवा येतो की गोधडी काढावी लागते. दादर-परळकडचे पाहुणे मुक्कामाला आले की हमखास म्हणतात, तुमच्याकडे वेगळंच हवामान आहे. त्या गारव्याच्या भरवशावर मी पहिल्या वर्षी ट्यूलिपचे कंद मागवले, आणि तिथेच चुकले.

मुंबईत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान सांताक्रूझचं आहे, २२ जानेवारी १९६२ चं, ७.४ अंश. त्या एका दिवसाची आठवण जुनी माणसं अजून काढतात. ट्यूलिपच्या कंदाला साधारण तेवढीच थंडी रोज लागते, सलग तेरा-चौदा आठवडे. ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांतला. तिथे उन्हाळा कोरडा, हिवाळा बर्फाचा. उन्हाळाभर कंद जमिनीत निजून राहतो, पावसाचा शिडकावा झाला की मुळं सोडतो आणि मग बर्फाखाली थंडीचे दिवस मोजत राहतो. मधेच चार दिवस ऊब आली म्हणून फूल वर काढलं तर पुढच्या बर्फात ते जळून जाईल, म्हणून हा हिशेब. या काळात त्याच्या आतल्या पिष्टाची साखर होते, दांडा लांब व्हायची तयारी होते. थंडी कमी पडली तर कंद मरत नाही. पानं येतात, दांडा मात्र वाढत नाही.

म्हणून जिथे असा हिवाळा नाही तिथे कंदाला खोटा हिवाळा द्यायचा, त्याचे दिवस पुरे करायचे आणि मग उजेडात आणून घरात फुलवायचं. बागकाम करणारे याला फोर्सिंग म्हणतात. मुंबईत खोटा हिवाळा एकाच ठिकाणी मिळतो, फ्रीजमध्ये.

मी महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहे. थंडी सांभाळणं हे माझं रोजचं काम. लशींच्या फ्रीजचं तापमान सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघून वहीत लिहायचं, ते २ ते ८ अंशांच्या मधे आहे ना याची खात्री करायची. पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली तर ती फुकट गेली, म्हणून ती बर्फाला टेकू द्यायची नाही. वीस वर्षं हे केल्यावर फ्रीजचं दार कुणी उगाच उघडं ठेवलं तरी माझ्या जिवाची घालमेल होते. आणि तरीही पहिल्या वर्षी माझ्या घरच्या फ्रीजमध्ये काय तापमान आहे हे मी एकदाही बघितलं नाही. कंद म्हणजे झाड, झाडाला एवढं काय, असं कुठेतरी मनात होतं.

दहा कंद नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. त्याच ड्रॉवरमध्ये चिकू होते, दोन सीताफळं होती, नंतर पेरू आले. नाताळच्या सुट्टीत लेकीला घरी फुलं बघायला मिळावीत म्हणून सात आठवड्यांतच मी कंद बाहेर काढले. दोन तोवर बुरशी लागून मऊ पडले होते. आठ लावले. पानं सुरेख आली, निळसर हिरवी, जाड, पहाटे त्यांच्यावर पाणी मारलं की थेंब पाऱ्यासारखे गोल बसायचे. मी रोज पानांच्या मधे बोटाने चाचपून कळी शोधायची. दोन कंदांना फूल आलं, पण दोन बोटं उंचीवर, पानांच्या बेचक्यात अडकलेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाकळ्या गळून पडल्या. उरलेल्या सहांपैकी एक मी शेवटी चिरून बघितला. पानांच्या पोटात कळी होती. कांद्याच्या पातीत कधीकधी वाळलेला पापुद्रा निघतो ना, तशी, तपकिरी, कागदासारखी. ती बाहेर येण्याआधीच गेली होती.

एवढं मला लागेल असं वाटलं नव्हतं. पाच-सहाशे रुपये गेले त्याचं नव्हे. ती कळी तयार होती. ट्यूलिपचा कंद आपल्या हातात पडतो तेव्हा त्याच्या आत फूल घडून झालेलं असतं. उन्हाळ्यात कंद खणून काढतात, त्यानंतर कोठारात असतानाच पाकळ्या, पुंकेसर, बीजकोश, सगळं आतल्या आत तयार होतं. आपण फूल आणत नाही, असलेलं फूल फक्त वाढू द्यायचं असतं. माझ्या ड्रॉवरमध्ये ते गुदमरलं.

गुदमरलं हा शब्द मी विचार करून वापरतेय. माझं माहेर रत्नागिरीकडचं. आंब्याची आढी लावलेली मी लहानपणापासून बघितलीय. आढीत एक आंबा पिकला की शेजारचे पटापट पिकत जातात, कारण पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. चिकू, सीताफळ, पेरू, केळं, सफरचंद, सगळीच हा वायू सोडतात. फळाला पिकवणारा हा वायू कंदातल्या कोवळ्या कळीला मारतो. बंद ड्रॉवर, प्लॅस्टिकची पिशवी आणि शेजारी पिकणारे चिकू. मी कंदांना हिवाळा दिला नव्हता, आढीत घातलं होतं.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा ट्यूलिप मागवणार होते. ठरलं वेगळंच, आणि ते सासूबाईंमुळे.

त्यांना काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची दृष्टी आधीच गेली होती, त्या वर्षभरात डावीकडेही फक्त उजेड-अंधार एवढंच उरलं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे मी दवाखान्यात कितीतरी जणांना समजावून सांगितलंय, घरी सांगताना तोंडातून शब्द फुटत नव्हता. फुलांचं त्यांना वेड. पाय धड होते तोवर दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटेची गाडी पकडून दादरच्या फूल बाजारात जायच्या, झेंडू तर आणायच्याच, पण पदराखाली झाकून कवठी चाफ्याची दोन फुलं वेगळी आणायच्या. मी ट्यूलिपच्या पानांचं वर्णन करायला लागले की त्या ऐकायच्या आणि शेवटी विचारायच्या, "वास येतो का गं त्याला?" ट्यूलिपच्या बहुतेक जातींना वास नाहीसाच असतो. ज्यांच्यासाठी घरात फूल आणावं त्यांना ते कळणारच नसेल तर मी कुणासाठी आणत होते?

म्हणून हायसिंथ. तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या भागातला कंद, थंडी ट्यूलिपपेक्षा थोडी कमी लागते, दहा-अकरा आठवडे पुरतात, आणि एका दांड्याच्या वासाने खोली भरते.

दिरांचा मुलगा नेदरलँड्समध्ये असतो. तो म्हणाला, "काकू, मी येताना बॅगेतून आणतो की, इथे ढिगाने मिळतात." मी नको म्हणाले. परदेशातून लावायचे कंद आणायचे तर आपल्या सरकारचा आयात परवाना लागतो आणि त्या देशाचं झाड निरोगी असल्याचं प्रमाणपत्र लागतं, २००३ सालच्या प्लांट क्वारंटाइनच्या आदेशात हे आहे. कंदाच्या मुळाशी कुठली बुरशी, कुठला सूत्रकृमी येईल सांगता येत नाही, आणि साथ कशी पसरते हे आमच्या खात्यातल्या माणसाला तरी विसरता येत नाही. रीतसर आयात करून विकणारे रोपवाटिकावाले इथे आहेत. त्यांच्याकडूनच सात कंद मागवले, प्रत्येकाचा घेर सतरा सेंटिमीटरच्या वर असेल असं विचारून घेऊन. हायसिंथचा कंद असा घेरावर मोजतात. जेवढा घेर मोठा तेवढा तुरा भरगच्च.

२८ ऑक्टोबरला पार्सल आलं. मी हातमोजे घालूनच उघडलं. हायसिंथच्या सालीत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, उघड्या हाताला सणसणून खाज सुटते, अळूची देठं सोलताना सुटते तशीच, आणि कारणही तेच. चार कंद जांभळ्या सालीचे होते, तीन पांढुरक्या. साल बघून फुलाचा अंदाज येतो. जांभळ्या सालीतून निळं किंवा गुलाबी, पांढऱ्या सालीतून पांढरं. एकेक कंद मुठीत दाबून बघितला, लसणाच्या गड्ड्यासारखा टणक आहे ना म्हणून.

सातातला एक मी त्याच दिवशी उभा चिरला. पहिल्या वर्षीची ती वाळलेली कळी डोळ्यांपुढून जात नव्हती, सुरुवातीला ती कशी दिसते हे मला बघायचं होतं. लेकीने तिचं भिंग आणलं. पांढऱ्या थरांच्या मधोमध, तळाशी, नखाएवढा तुरा उभा होता, फिकट हिरवा, बाजरीचं कणीस अगदी लहान करावं तसा, प्रत्येक दाणा म्हणजे एक फूल. सासूबाईंना दाखवता येईना. मग लेक त्यांच्या शेजारी बसून सांगत राहिली आणि त्यांनी तिच्या करंगळीचं नख आपल्या बोटांनी चाचपून बघितलं, एवढा का, म्हणून.

उरले सहा. या वेळी मी सगळं दवाखान्यासारखं केलं. ड्रॉवर रिकामा करून सोड्याच्या पाण्याने पुसला. घरात सांगितलं, संक्रांतीपर्यंत फ्रीजमध्ये एकही फळ ठेवायचं नाही, फळं बाहेर टोपलीत. आमच्या ह्यांना थंडगार चिकू आवडतो, त्यांनी कुरकुर न करता मानलं. कंद कागदी पिशवीत, पिशवीला भोकं, प्लॅस्टिक नाही. पिशवीवर लेकीने लाल पेनाने लिहिलं, "खायचे नाहीत, विषारी". भाजीच्या ड्रॉवरमध्ये कांद्यासारखी दिसणारी वस्तू आहे, आणि स्वयंपाकाला मदतीला येणाऱ्या ताई सकाळी घाईत असतात, त्यांना मी पिशवी उघडून दाखवूनही ठेवली. पिशवी मागच्या भिंतीला टेकणार नाही अशी पुढे सरकवली, कारण तिथे बर्फ धरतो आणि गोठलेला कंद सडतो. आणि दीडशे रुपयांचा तापमापक आणून त्याची तार ड्रॉवरमध्ये सोडली.

पहिल्याच संध्याकाळी आकडा दिसला, ११ अंश. आमचा फ्रीज आम्ही वर्षानुवर्षं मधल्या खुणेवर ठेवत आलो होतो. दोन खुणा पुढे नेला, तेव्हा तिसऱ्या दिवशी ५ ते ७ मधे स्थिरावला. म्हणजे पहिल्या वर्षी चिकू नसते तरी मी हरलेच असते. सकाळी दूध काढताना आणि रात्री विरजण लावून ठेवताना आकडा वहीत लिहायचा असा नेम केला. दिवाळीत पाहुण्यांमुळे दार सारखं उघडत होतं, तेव्हा एकदा ९.५ लिहिलेलं आहे. बाकी नाही.

आठ आठवडे काहीच घडत नाही. या आठ आठवड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि निम्मं काम तेवढंच आहे. आठवड्यातून एकदा पिशवी उघडायची, कंद फिरवून बघायचे, परत ठेवायचे. एका कंदावर निळसर बुरशी दिसली, कोरड्या फडक्याने पुसली, खालचं अंग टणक होतं म्हणून ठेवला. तो जगला. दुसराच एक, ज्याच्यावर काही दिसत नव्हतं, डिसेंबरमध्ये तळाशी मऊ लागला. तो काढला. पाच उरले.

२४ डिसेंबरला मी त्यातले तीन पाण्यावर बसवले आणि दोन कुंडीत लावले. हायसिंथसाठी परदेशात खास काचेचे पेले मिळतात, वर वाटी, मधे कंबर, खाली पोट. मी पाण्याच्या बाटल्या वापरल्या. लिटरची बाटली वरच्या तिसऱ्या हिश्शावर कापायची, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवायचा, नरसाळ्यासारखा. त्यात कंद टेकतो आणि बाटलीच्या तोंडातून मुळं खाली पाण्यात उतरतात. पाणी कंदाला लागता कामा नये, तळापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहिलं पाहिजे. ओलाव्याच्या ओढीने मुळं फुटतात, कंद पाण्यात बुडाला तर कुजतो. भोवती काळा कागद गुंडाळला, कारण मुळांना अंधार लागतो. कुंडीतल्यांना कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि थोडी माती, कंदाचं टोक वर उघडं. खत घातलं नाही. या फुलापुरती सगळी शिदोरी कंदात असते. पाचही परत फ्रीजच्या खालच्या फळीवर, आणखी तीन आठवडे. फ्रीजमधली अर्धी जागा गेली. डाळीची पातेली मी शेजारच्या काकूंकडे ठेवायला न्यायचे.

१४ जानेवारीला, संक्रांतीला, अकरा आठवडे भरले. दुपारी तिळगूळ देऊन-घेऊन झाल्यावर मी काळा कागद काढला. पांढरी शुभ्र मुळं बाटलीच्या तळापर्यंत उतरलेली, सरळ, जाड, शेवयांसारखी. कंदाच्या टोकाला बोटभर हिरवा कोंब. मी सासूबाईंचा हात धरून तो कोंब त्यांच्या बोटांना लावला. "गार आहे," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ हात काढला नाही.

मला वाटलं होतं इथून पुढे सोपं आहे. पण फ्रीजच्या ६ अंशांतून थेट २९ अंशांच्या खोलीत आणलं तर कळी दांड्याआधी फुगते आणि पानांतच उमलते. मधे वसंत पाहिजे, १५-१६ अंशांचा, निदान आठवडाभर, आणि तो मुंबईच्या घरात नसतो. बोरिवलीचा पहाटेचा गारवा इथे कामाला आला. रात्री अकरानंतर बाटल्या आणि कुंड्या मागच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, सकाळी सात वाजता आत. दिवसा मोरीत, जिथे ऊन येत नाही, माठाची जुनी पसरट कुंडी घेतली, तिच्यात ओली वाळू भरली आणि वाळूत बाटल्या रोवल्या. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने वाळू गार राहते. दुपारी खोलीत २८ होतं तेव्हा वाळूत २४ भरलं. चार अंश म्हणजे काही वसंत नव्हे, पण कोंब सावकाश वाढले. पहिले चार दिवस त्यांच्यावर मी कागदाचे शंकू करून घातले, भेळेच्या पुड्यासारखे, टोकाला भोक ठेवून. उजेडाच्या ओढीने दांडा वर चढतो आणि तुरा पानांच्या वर येतो.

बाटल्यांतलं पाणी मी दर तिसऱ्या दिवशी बदलत होते आणि कंदाभोवतीची फट कापसाने बंद ठेवत होते. हे घरात कंद लावणाऱ्या कुणालाही मी कळवळून सांगेन. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात, फुलदाणीतसुद्धा अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. फुलदाणीत अळ्या सापडलेली घरं मी डोळ्यांनी बघितली आहेत.

३० जानेवारीला रात्री पाळीवरून उशिरा घरी आले. दार उघडलं तेव्हा बाहेरच्या खोलीत दिवा नव्हता, आणि वास होता. गोड, जड, आणि त्या गोडव्याच्या खाली कोवळ्या हिरव्या देठासारखं काहीतरी. सासूबाई जाग्या होत्या. म्हणाल्या, "संध्याकाळपासून बसलेय. आधी वाटलं कुणी निशिगंध आणला. पण निशिगंध एवढा ओला नसतो. मग वाटलं कवठी चाफा, तर त्यात लिंबाची झाक असते, यात ती नाही. हे काय आहे गं?" मी बाटली उचलून त्यांच्या मांडीवर दिली. निळा तुरा होता, खालची दहा-बारा फुलं उमललेली, वरच्या कळ्या मिटलेल्या. मी रंग सांगितला. त्यांनी खालपासून वर एकेक फूल बोटांनी मोजलं, पाकळ्यांची मागे वळलेली टोकं चाचपली. एकतीस भरली, मिटलेल्या धरून. मग दुसऱ्यांदा मोजली.

पाचांतले चार नीट फुलले. कुंडीतल्या एकाचा दांडा आखूड राहिला, पण वासात कमी नव्हता. फुलं सहा दिवस टिकली. थंड देशात दोन आठवडे टिकतात. रात्री ग्रिलमध्ये ठेवली म्हणून सहा तरी मिळाले. या सहा दिवसांत मजल्यावरची सगळी येऊन गेली. शेजारच्या काकूंनी आपल्याकडेही एक बाटली एक रात्र नेली, डाळीच्या पातेल्यांचा त्यांचा हक्कच होता.

फोर्सिंग केलेला कंद पुन्हा फुलत नाही, निदान मुंबईत नाही. पाण्यावर फुलताना तो स्वतःला संपवतो, नवी शिदोरी भरायला त्याला लांब थंड वसंत लागतो, तो आपण देऊ शकत नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी रिकामा, हलका झालेला कंद हातात घेऊन बघितला आणि गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये स्वतःच्या हाताने टाकायचा हट्ट धरला. लेक त्यांना धरून वर घेऊन गेली. ज्यांना दरवर्षी तोच कंद फुललेला हवा त्यांनी अमॅरिलिस लावावी. ती दक्षिण अमेरिकेची, थंडीचे आठवडे मागत नाही, आमच्या ग्रिलमधली कुंडी पावसाळ्यानंतर पाणी तोडून कोरडी ठेवली की दरवर्षी मार्चमध्ये फुलते. मी तिच्यावर प्रेम करते, पण तिला वास नाही.

या वर्षी नऊ हायसिंथ मागवले. ऑक्टोबरच्या शेवटी ड्रॉवर पुसला, तापमापक लावला, पिशवीवर पुन्हा लाल अक्षरं. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर टोपलीत तीन चिकू जास्तीचे दिसले, गार, वर पाण्याचे थेंब. आमच्या ह्यांनी किंवा पाहुण्यांपैकी कुणीतरी विसरून आत ठेवले असणार. मी विचारायच्या आत सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "मी काढले. पाणी घ्यायला फ्रीज उघडला तर पिकल्याचा वास आला. किती वेळ आत होते कोण जाणे. तू आकडा बघून घे बाई." मी आकडा बघितला. ६.२ होता. वहीत लिहिला.